दुर्मिळ आजारासाठी जुनं औषध संगणकावर शोधायचं आहे? आधी कामाचा क्रम पाहा

‘आमच्या आजारासाठी औषधांची यादी काढली आहे, एकदा बघता का?’ अशी विचारणा झाली की यादी उघडण्याआधीच तिच्यातली वरची नावं मला बहुधा सांगता येतात. व्होरिनोस्टॅट, ट्रायकोस्टॅटिन, बॉर्टेझोमिब, डेक्सामेथासोन. आजार स्नायूंचा असो, मेंदूचा असो की हाडांचा, पहिल्या रांगेत हीच मंडळी बसलेली. यांतलं ट्रायकोस्टॅटिन तर औषध म्हणून मंजूरही नाही.

मॉडेल चालवायला हल्ली एखादी दुपार पुरते, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. बिघाड नेमका काय आहे, औषधाने तो कुठल्या बाजूला ओढायला हवा आणि तेवढं औषध माणसाच्या शरीरात पोचतं का, हे प्रश्न शेवटी येतात किंवा येतच नाहीत. खालचा क्रम त्यासाठी आहे. पायथॉन किंवा आर थोडंफार येतं आणि जनुक-प्रथिनांची प्राथमिक ओळख आहे, असं धरून चाललो आहे. उदाहरणं बहुतेक एकाच जनुकाच्या बिघाडातून होणाऱ्या आजारांची आहेत.

सावधान: यातून निघते ती प्रयोगशाळेत तपासून पाहायच्या शक्यतांची यादी. रुग्णाच्या कुटुंबाच्या हाती ती उपचार म्हणून पडू देऊ नका. ‘मंजूर औषध आहे, म्हणजे सुरक्षितच’ हा समज फार लवकर पसरतो.

## टप्पा १ : आजाराचं एक पान लिहा

संगणक सुरू करण्याआधी एका पानावर पाच गोष्टी लिहून काढा.

१. ओळख क्रमांक. आजारांच्या तीन सूचींतले: ऑर्फानेटचा कोड, ओएमआयएमचा क्रमांक आणि मोंडोचा क्रमांक. एकाच आजाराला तीन-चार नावं असतात आणि एकाच जनुकातून दोन-तीन वेगळे आजार होतात. फक्त नावावर शोध घेतला की दुसऱ्याच आजाराचा डेटा गोळा होतो.

२. जनुक आणि त्यातले बदल. क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या नोंदवहीत रोगकारक म्हणून नोंदलेले बदल घ्या आणि नोमॅड या जनुकसाठ्यात ते सर्वसाधारण लोकांत किती आढळतात ते पाहा. अतिदुर्मिळ आजाराचा म्हणून सांगितलेला बदल तिथे सर्रास दिसला, तर त्या बदलावर पुढचं काही उभारू नका.

३. बिघाडाची दिशा. याबद्दल खाली सविस्तर.

४. ऊती आणि वय. बिघाड कुठल्या पेशींत होतो? जन्माआधीच होऊन गेलेली रचना आता बदलणार आहे का?

५. रुग्णाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. झटक्यांचा, वेदनेचा की श्वासाचा? उत्तर डॉक्टरांकडून आणि रुग्णगटाकडून घ्या. शोधनिबंधात ठळक असलेलं लक्षण घरच्यांच्या दृष्टीने दुय्यम असू शकतं.

आता दिशा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बहुतेक संगणकी पद्धतींना औषध आणि जनुक यांचा ‘संबंध’ दिसतो. तो संबंध उपकारक की मारक, हे दिसत नाही. द्रावे सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्मारात एससीएन१ए जनुकाचं काम कमी पडतं. हे जनुक सोडियम चॅनल बनवतं आणि बिघाडाचा मोठा फटका मेंदूतल्या लगाम घालणाऱ्या पेशींना बसतो. कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिनसारखी सोडियम चॅनल रोखणारी औषधं या मुलांचे झटके वाढवू शकतात. एससीएन८ए हे त्याच कुटुंबातलं जनुक. त्याचं काम वाढल्याने झटके येत असतील, तर हीच औषधं उपयोगी ठरतात. जनुकांच्या जाळ्यात ही दोन्ही चॅनल शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे नुसतं ‘जवळ’ असणं मोजणारी पद्धत दोन्ही आजारांना एकच औषध सुचवून मोकळी होते.

एकाच जनुकातही दोन दिशा असतात. केसीएनए२ या पोटॅशियम चॅनलचं काम वाढलेल्या रुग्णांना ४-अमिनोपिरिडिन हे चॅनल रोखणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा ११ पैकी ९ जणांत सुधारणा दिसली. ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जनुकाचं काम कमी झालेल्या रुग्णाला हे औषध देण्याला काही अर्थच उरत नाही.

म्हणून बिघाड कुठल्या जातीचा आहे ते आधी ठरवा. काम वाढलं असेल तर रोखणारं औषध हवं. पीआयके३सीएमुळे होणाऱ्या अतिवाढीच्या आजारांत अल्पेलिसिब वापरतात ते यासाठीच. ब्रेकच गेला असेल तर ब्रेकच्या पुढे काय मोकाट सुटलं आहे ते पाहा. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये टीएससी१ किंवा टीएससी२ बिघडतं, पण एव्हरोलिमस काम करतं ते एमटॉर या पुढच्या, पेशींची वाढ चालवणाऱ्या प्रथिनावर. एखादं एन्झाइम नसल्याने विषारी पदार्थ साठत असेल, तर त्या साखळीत अलीकडे अडवता येतं का ते पाहा: टायरोसिनेमियाच्या पहिल्या प्रकारात निटिसिनोन नेमकं हेच करतं. प्रथिन तयार होतं पण नीट घडी पडत नाही, अशा वेळी त्याला आधार देणारा रेणू चालू शकतो. गोशे आजाराच्या एन्झाइमसाठी खोकल्याच्या औषधातल्या अँब्रॉक्सॉलचा विचार झाला तो असा. पण रुग्णाच्या बदलामुळे प्रथिन तयारच होत नसेल, तर आधार देणार कुणाला?

तपासा: ‘अमुक प्रथिनाचं काम कमी करणारं (किंवा वाढवणारं) औषध, अमुक पेशीत, अमुक वयाच्या रुग्णात हवं आहे.’ रिकाम्या जागा भरून हे वाक्य पूर्ण करता येत नसेल तर पुढे जाऊ नका. दिशा माहीतच नसेल तर ती शोधणं हाच तुमचा प्रकल्प आहे.

## टप्पा २ : औषधांची यादी साफ करा

केम्बल, ड्रगसेंट्रल, ड्रगबँक आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटचं ड्रग रीपर्पजिंग हब या नेहमीच्या जागा. ड्रगबँकचा डेटा उतरवण्याआधी परवान्याच्या अटी वाचा. मग या क्रमाने साफसफाई करा:

१. क्षार काढून टाका. एकच औषध हायड्रोक्लोराइड, सल्फेट आणि मूळ रेणू अशा तीन ओळींत असतं. मूळ रेणू ठेवा आणि मगच इंचीकी, म्हणजे रेणूच्या रचनेवरून बनणारा अक्षरी ओळखसंकेत, काढा.

२. दुहेरी नावं जुळवा. सिरोलिमस आणि रॅपामायसिन एकच. इंचीकीची पहिली १४ अक्षरं जुळली की अणूंची जोडणी सारखी. मात्र या १४ अक्षरांत डावा-उजवा फरक कळत नाही, त्यामुळे सिटालोप्रॅम आणि एसिटालोप्रॅम एकाच ओळीत येतील. असा फरक महत्त्वाचा असेल तिथे पूर्ण २७ अक्षरी इंचीकी वापरा.

३. क्रियेचा रकाना भरा. टार्गेटचं, म्हणजे औषध ज्या प्रथिनावर काम करतं त्याचं, नाव पुरेसं नाही. रोखणारं, चालना देणारं की अंशतः चालना देणारं, हे लिहिलेलं हवं. केम्बलच्या कार्यपद्धतीच्या तक्त्यात ते मिळतं. रकाना रिकामा असलेली औषधं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. अंदाजाने भरू नका.

४. मार्ग लिहा. पोटातून, शिरेतून, डोळ्यात थेंब की त्वचेवर मलम. मलमाच्या औषधाची रक्तातली पातळी गृहीत धरता येत नाही.

५. बाजारातून काढलेली औषधं उडवू नका, खूण करा. फेनफ्लुरामिन हे वजन कमी करण्याचं औषध हृदयाच्या झडपांना इजा होते म्हणून १९९७ मध्ये मागे घेतलं गेलं. कमी मात्रेत आणि हृदयावर नियमित लक्ष ठेवून तेच औषध द्रावे सिंड्रोमसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपोआप गाळणी लावली असती तर ते पहिल्याच मिनिटाला गेलं असतं.

आणि एक्सेल. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून जतन केली की एसईपीटी२ ची ‘२ सप्टेंबर’ होते आणि एमएआरसीएच१ ची ‘१ मार्च’. या उपद्रवामुळे २०२० मध्ये जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. आता ती सेप्टिन२ आणि एमएआरसीएचएफ१ आहेत. जुन्या फाइलींत मात्र तारखा तशाच पडून आहेत. जुळवणी नेहमी जनुकाच्या एन्सेम्बल किंवा एचजीएनसी क्रमांकावर करा.

तपासा: यादीत सिरोलिमस शोधा. एकच ओळ येते का? तिच्यापुढे ‘एमटॉर, रोखणारं’ असं आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं तरच पुढे.

## टप्पा ३ : हाताशी काय आहे त्यावरून पद्धत ठरवा

फॅशनवरून ठरवू नका. दिशा आणि टार्गेट माहीत असेल तर आधी साधी तक्त्यांची जोडणी करा: टप्पा १ मधलं प्रथिन, त्याच्या साखळीतली अलीकडची-पलीकडची प्रथिनं, आणि टप्पा २ मधली योग्य क्रियेची औषधं. यात मशीन लर्निंग नाही, म्हणून कुणी सादरीकरणात दाखवत नाही. तरी कामाची निम्मी नावं मला बहुतेक वेळा इथेच दिसतात.

जनुक-अभिव्यक्तीचा ठसा उलटवणं. रुग्णाच्या पेशींत कुठली जनुकं वर-खाली झाली ते मोजायचं आणि नेमका उलटा परिणाम करणारं औषध एल१००० च्या साठ्यात, म्हणजे औषधांनी पेशींतली जनुकं कशी हलतात याच्या नोंदींत, शोधायचं. कल्पना सुरेख आहे, पण चार गोष्टी विसरल्या जातात.

पहिली, एल१००० मध्ये प्रत्यक्ष मोजलेली जनुकं ९७८ आहेत. बाकीची त्यावरून अंदाजलेली. तुमचं महत्त्वाचं जनुक कुठल्या गटात आहे ते बघा. दुसरी, त्यातल्या बऱ्याच पेशी कर्करोगाच्या आहेत. स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या एमसीएफ७ पेशीत तुमचं स्नायूचं जनुक चालूच नसेल, तर तिथला गुणांक (औषध ठशाच्या किती उलट आहे त्याचा आकडा) कशाचा? तिसरी, सुरुवातीला सांगितलेली मंडळी. व्होरिनोस्टॅटसारखी एचडीएसी (डीएनएची घडी घट्ट ठेवणारी एन्झाइमं) रोखणारी औषधं जवळजवळ कुठल्याही पेशीत हजारो जनुकं हलवतात, त्यामुळे ती कुठल्याही ठशाच्या उलट दिसू शकतात. चौथी सर्वांत फसवी: रुग्णाच्या पेशीतले काही बदल हा आजार असतो, तर काही शरीराने स्वतःला सावरण्यासाठी केलेले असतात. दुसऱ्या प्रकारचे बदल उलटवणारं औषध आजार वाढवेल आणि तरीही त्याला उत्तम गुणांक मिळेल.

रुग्ण आणि निरोगी नमुने एकाच तुकडीत, एकाच पद्धतीने, सारख्या वयाच्या आणि लिंगाच्या व्यक्तींचे असावेत. तसे नसतील तर ठसा आजाराचा नसून प्रयोगशाळेचा निघतो, आणि नंतर कुठलंही सांख्यिकी तंत्र तो पुरता धुऊन काढत नाही.

नॉलेज ग्राफ. औषधं, जनुकं, आजार या गाठी आणि त्यांच्यातले संबंध हे धागे, असं जाळं. हेटिओनेट, प्राइमकेजी आणि त्यावर बेतलेली टीएक्सजीएनएनसारखी मॉडेलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं टीएक्सजीएनएन १७,०८० आजारांसाठी औषधांचा क्रम लावतं. ज्यांना एकही औषध नाही असे आजारही त्यात आहेत. अशा आजाराच्या गाठीला ग्राफमध्ये धागे मोजकेच असतात, म्हणून मॉडेल त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आजारांवरून उसनं ज्ञान आणतं. आपल्या आजारासाठी ते कुठल्या आजारांकडून आणलं आहे ते उघडून पाहा. लक्षणं सारखी पण बिघाड उलटा, असे शेजारी निघाले तर तो गुणांक बाजूला ठेवा.

डॉकिंग, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो ते संगणकावर पाहणं, शेवटी, आणि तेही प्रथिनाची विश्वासार्ह रचना असेल तरच. अल्फाफोल्डने भाकीत केलेली रचना घेतलीत तर औषध बसायच्या खाचेभोवतीचा विश्वासगुणांक पाहा. हजारो औषधं डॉक करून वरची दहा उचलणं हे काम नव्हे.

## टप्पा ४ : चालवण्याआधी परीक्षा लिहून ठेवा

निकाल पाहिल्यावर ठरवलेली परीक्षा सगळेच पास होतात. म्हणून आधी लिहा:

१. ठाऊक असलेली बरोबर उत्तरं. तुमच्या आजाराला औषध नसेल तर तशाच जातीच्या बिघाडाचे, औषध असलेले दोन-तीन आजार घ्या. उदाहरणार्थ लॅम हा फुप्फुसांचा दुर्मिळ आजार आणि सिरोलिमस.

२. ठाऊक असलेली चुकीची उत्तरं. द्रावेसाठी कार्बामॅझेपिनसारखी, आजार वाढवणारी औषधं. ती वर आली तर तुमच्या पद्धतीला दिशा कळत नाही.

३. फुटलेला पेपर शोधा. सिरोलिमस आणि लॅम यांच्यातला ‘उपचार’ हा धागा लपवला, पण रॅपामायसिन नावाची दुसरी गाठ ग्राफमध्ये राहिली आणि तिचा धागा तसाच आहे. किंवा ‘चाचणी झाली’ हा धागा राहिला. मॉडेल मग उत्तर शोधत नाही, वाचून दाखवतं. धागे यदृच्छेने लपवू नका. संपूर्ण आजार लपवा, आणि त्याची जवळची भावंडंही.

४. प्रसिद्धीचा प्रभाव वजा करा. डेक्सामेथासोनवर हजारो निबंध आहेत, म्हणून त्याला धागे जास्त आणि म्हणून गुणांकही जास्त. प्रत्येक गाठीच्या धाग्यांची संख्या तीच ठेवून धागे पुन्हापुन्हा विस्कटा आणि तोच गुणांक काढा. विस्कटलेल्या ग्राफमध्येही एखादं औषध वरच राहत असेल तर ते तुमच्या आजारामुळे वर आलेलं नाही.

यश मोजताना एकूण वक्राखालच्या क्षेत्रफळावर (एयूसी, सगळ्या यादीचा मिळून एकच गुण) भाळू नका. प्रयोगशाळेत दहा-वीस औषधं तपासली जाणार असतील तर पहिल्या वीसात बरोबर किती, एवढंच पाहायचं.

## टप्पा ५ : मात्रेची गाळणी

सगळ्यांत जास्त नावं इथे गळतात. ती इथे गळली नाहीत तर प्रयोगशाळेत पैसे आणि वर्ष जाऊन गळतात.

हिशोब साधा आहे. समजा, पेशींवर परिणाम दिसायला १० मायक्रोमोलर औषध लागतं. नेहमीच्या मात्रेत रक्तातली सर्वोच्च पातळी १ मायक्रोमोलर. त्यातलं ९५ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं, म्हणजे मोकळं राहिलं ०.०५. हवं होतं १०. तूट २०० पट. मात्रा दुप्पट करून ही दरी भरत नाही. संवर्धन माध्यमातही प्रथिनं असतात आणि काही औषधं ऊतींत साठतात, त्यामुळे हा आकडा अंतिम नाही. पण २०० पटींची तूट असलेलं नाव ठेवायचं तर त्यासाठी लेखी कारण हवं.

आजार मेंदूचा असेल तर रक्तातली पातळीही पुरत नाही. रक्त-मेंदू अडथळा ओलांडून मोकळं औषध किती पोचतं आणि पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ते परत बाहेर फेकतो का, ते पाहा. केसीएनटी१ चं काम वाढल्याने होणाऱ्या अपस्मारात क्विनिडिनची गोष्ट बोलकी आहे. दिशा बरोबर होती आणि प्रयोगशाळेत चॅनल रोखलंही जात होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या यादृच्छिक चाचणीत मात्र झटके कमी झाले नाहीत, आणि रक्तातली पातळी कमी असतानाच हृदयाच्या तालावर परिणाम होऊ लागल्याने मात्रा वाढवता आली नाही.

सावधान: एका बाजूला तेलकट भाग आणि दुसऱ्या बाजूला धनभारित अमाइन असलेली औषधं, जसं अमिओडॅरोन, क्लोरोक्विन, सर्ट्रालिन, पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत, अडकतात आणि तिथे फॉस्फोलिपिड साचवतात. त्यामुळे बऱ्याच पेशी-चाचण्यांत खोटा परिणाम दिसतो. कोविडसाठी सुचवलेल्या कितीतरी औषधांचं हेच झालं होतं, हे २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. तुमचा आजार लायसोसोमचाच असेल तर अशा प्रत्येक नावापुढे लाल खूण हवी.

मग उरलेल्या गोष्टी भराभर पाहा. औषध आयुष्यभर घ्यावं लागेल का, मुलांतला अनुभव आहे का, गर्भावर परिणाम काय, रुग्ण आधीच घेत असलेल्या औषधांशी कसं जमतं. फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असताना सिरोलिमस आणि एव्हरोलिमसची रक्तातली पातळी घसरते. अपस्मार असलेल्या रुग्णांत हा मुद्दा हटकून येतो.

## टप्पा ६ : उरलेली नावं हाताने वाचा

आता पंधरा-वीस नावं उरली असतील. प्रत्येकासाठी अर्धं पान लिहा: यंत्रणा, दिशा, मोकळी पातळी आणि विरोधातला पुरावा. विरोधातला पुरावा मुद्दाम शोधायला बसा. ‘त्रास वाढला’ असं सांगणारे एकेका रुग्णाचे अहवाल, थांबवलेल्या चाचण्या, निकाल न छापलेल्या चाचण्या.

उंदरातलं यश पाहून हुरळू नका. मार्फान सिंड्रोमच्या उंदरांत लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम फार आशादायक होता. पुढे सहाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०१४ मध्ये, महाधमनीच्या वाढीवर ते अटेनोलॉल या आधीपासून वापरातल्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही.

एक युक्ती मी आग्रहाने सुचवतो. यादीच्या तळातून तीन-चार नावं उचलून वरच्या नावांत मिसळा, गुणांक झाका आणि आजाराच्या जाणकार डॉक्टरांना सगळी द्या. हुशार माणूस कुठल्याही औषधासाठी पटणारी कहाणी रचू शकतो. तळातल्या नावांनाही तितकीच छान कहाणी मिळाली, तर वरच्या नावांच्या कहाण्यांचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

## टप्पा ७ : प्रयोगशाळेकडे काय पाठवायचं

नुसती नावं पाठवू नका. प्रत्येक औषधासोबत हे जाऊ द्या:

- तपासायच्या मात्रांची पट्टी. माणसातली मोकळी पातळी त्या पट्टीच्या आत आलीच पाहिजे.
- त्याच टार्गेटवरचं, पण रचनेने वेगळं असं दुसरं औषध. दोघांचाही परिणाम दिसला तर टार्गेटवर विश्वास ठेवायचा.
- ज्यात औषध विरघळवलं आहे ते नुसतं द्रावण, आणि ज्याचा उपयोग होऊ नये असं एक औषध.
- एकापेक्षा जास्त रुग्णांच्या पेशी, आणि जमलं तर जनुकीय बदल दुरुस्त केलेल्या त्याच पेशी.
- ‘यशस्वी’ कशाला म्हणायचं, तो आकडा. प्रयोगाआधी, तारखेसह.

पेशी कमी मरताहेत एवढ्यावर खूश होऊ नका; टप्पा १ च्या वाक्यातलं काम खरंच बदललं का ते मोजा. रुग्णापर्यंतचा पुढचा रस्ता, म्हणजे नैतिक समितीची परवानगी, एकाच रुग्णावरची नियोजित चाचणी, आजाराच्या नैसर्गिक वाटचालीच्या नोंदी, हा डॉक्टरांचा प्रांत आहे. त्यांना पहिल्या टप्प्यापासून सोबत घेतलं असेल तर इथे नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.

वापरलेल्या प्रत्येक साठ्याची आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख एका फाइलमध्ये नोंदवा. बाद झालेली नावंही कारणासह ठेवा: ‘मोकळी पातळी अपुरी’, ‘दिशा उलटी’, ‘लायसोसोमची शंका’. क्लिनव्हार बदलत राहतो, आणि एखाद्या रुग्णाच्या बदलाची दिशा उलट निघाली की कुठली नावं परत आणायची ते या फाइलमधूनच कळतं.